घर, गार्डन आणि गृहिणी

बचत गटातल्या सगळ्या ताया, माई, मावश्या आणि कामाच्या नादात रेडिओला कान लावून बसलेल्या लेकी-सुना, तुम्हा सगळ्यांना केमहून नमस्कार.

आज मी हप्ता, व्याज, बँकेचं पासबुक यातलं काही काढणार नाही. आज आपण एका शब्दाची भावकी बघायची आहे. भावकी म्हटलं की आपल्याला बांधावरची भांडणं आठवतात. या शब्दाची भावकीसुद्धा बांधापासून, कुंपणापासूनच सुरू झाली. फक्त ती एका गावात मावली नाही, पार युरोपापर्यंत पसरली.

आधी काही शब्द सांगते. घर. माहेर. सासर. देव्हारा. हे आपले रोजचे. आता दुसरे ऐका. कांदा घेऊन जातो ते सोलापूरचं मार्केट यार्ड. कुर्डुवाडी जंक्शनचं रेल्वेचं यार्ड. सुट्टीत पोरं हट्ट धरतात ते गार्डन. तारखांवर तारखा पडतात ते कोर्ट. डाळिंबवाले सारखं ज्याचं नाव घेतात ते हॉर्टिकल्चर, म्हणजे फळबागेचं शास्त्र. पहिले चार शब्द मराठी, नंतरचे चार इंग्रजी. यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटतं का? नाही वाटत. पण भाषांचा अभ्यास करणारे सांगतात की हे आठही शब्द एकाच कुळातले आहेत. आणि त्या कुळाच्या मूळ शब्दाचा अर्थ होता, घेरलेली जागा. कुंपण घातलेली जागा.

हे कशावरून कळतं, असं तुम्ही विचारणारच. बरोबर आहे, कुणी सांगितलं आणि आपण मान डोलावली असं नको. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने एक भाषण केलं. तो संस्कृत शिकत होता. त्याच्या लक्षात आलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमध्ये इतकं साम्य आहे की ते योगायोगाने येणं शक्य नाही. या भाषा एकाच आईच्या लेकी असल्या पाहिजेत. पुढे शंभर-दीडशे वर्षं अनेकांनी हे काम केलं. संस्कृतात मातृ, इंग्रजीत मदर. संस्कृतात भ्रातृ, इंग्रजीत ब्रदर. दुहितृ म्हणजे मुलगी, इंग्रजीत डॉटर. आपलं नाव, त्यांचं नेम. एक-दोन शब्द जुळले तर आपण म्हणू, असेल योगायोग. शेकडो शब्द जुळले, आणि अक्षरं बदलली तीसुद्धा ठरावीक नियमाने बदलली, तेव्हा नातं मान्य करावं लागतं. पाटलाच्या वाड्यातल्या दोन चुलत भावांची नाकं सारखी दिसावीत, तसं हे.

त्या आई-भाषेला लिपी नव्हती, तिचा एकही कागद उरलेला नाही. लेकींवरून आईचा चेहरा ओळखावा, तशी ती अभ्यासकांनी जुळवून काढली आहे. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या त्या भाषेत घेरलेल्या जागेला 'घोर्ध' किंवा 'घृध' अशासारखा शब्द होता. त्याची एक फांदी आपल्याकडे आली आणि संस्कृतात 'गृह' झाली. प्राकृतात तिचंच 'घर' झालं. ग आणि ह एकत्र म्हणून बघा, घ होतो. आपल्या आज्या-पणज्या बोलत होत्या तो शब्द हा असा घासून-पुसून आपल्या हातात आला.

दुसरी फांदी उत्तर युरोपात गेली. जर्मन, इंग्रज, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन हे सगळे लोक ज्या भाषा बोलतात, त्यांना जर्मानिक भाषा म्हणतात. त्यांच्यात या शब्दाचं रूप झालं 'गर्द'. अर्थ तोच, कुंपण आणि कुंपणाच्या आतली जागा. मग प्रत्येक लोकांनी तो आपापल्या गरजेप्रमाणे वापरला. गॉथ नावाचे जुने जर्मानिक लोक होते. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या धर्मगुरूने त्यांच्या भाषेत बायबल आणलं. त्यात 'गर्द्स' असा शब्द येतो आणि त्याचा अर्थ आहे घर. म्हणजे आपण गृह म्हणत होतो, तेव्हा हजारो कोसांवर कुणीतरी गर्द्स म्हणत होतं आणि दोघांच्या मनात चूल पेटलेली तीच जागा होती. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये आजही शेतावरच्या वस्तीला, म्हणजे घर, गोठा, कोठार मिळून जे होतं त्याला, 'गोर' म्हणतात. तोही हाच शब्द.

कुंपणाच्या शब्दाचा अर्थ घर कसा झाला, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या करमाळा तालुक्यात शेतात वस्ती करायची ठरली की पहिलं काम कुठलं? बोराटी किंवा बाभळीच्या काट्या तोडून आणायच्या आणि जागेभोवती कुंपण घालायचं. शेरडं आत राहिली पाहिजेत, लांडगा बाहेर राहिला पाहिजे. छप्पर त्यानंतर. भिंती त्याहून नंतर. पत्रा किंवा स्लॅब तर दोन पिढ्यांनी. कुंपण घातलं त्याच दिवशी ती जागा आपली झाली. सगळ्या जगात माणूस असाच वसला, म्हणून भाषेतही आधी कुंपण आलं आणि मग घर.

इंग्रजीत याच शब्दाचं 'यार्ड' झालं. इंग्रजांनी आधीचा ग मऊ करत करत य केला. मग 'गार्डन' कुठून आलं? फ्रँक नावाचे जर्मानिक लोक फ्रान्समध्ये जाऊन राज्य करू लागले, फ्रान्स हे नावही त्यांच्यावरूनच पडलं. त्यांनी हा शब्द सोबत नेला. फ्रेंच लोकांनी त्याचा अर्थ बाग असा केला. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या बोलीबरोबर तो शब्द इंग्रजीत आला, गार्डन होऊन. म्हणजे यार्ड आणि गार्डन या सख्ख्या बहिणी. एक घरीच राहिली, दुसरी परदेशी नांदून वेगळा पदर घेऊन परत आली. आता दोघी एका गावात राहतात आणि लोकांना त्या बहिणी आहेत हे ठाऊकच नाही.

याच कुळाच्या आणखी फांद्या आहेत. लॅटिन भाषेत बागेला 'होर्तुस' म्हणत. त्यावरून हॉर्टिकल्चर आलं. लॅटिनमध्येच घेरलेल्या चौकाला 'कोहोर्स' म्हणत. तिथून राजाच्या महालाचा चौक, मग राजाचा दरबार, मग न्यायदानाची जागा असं होत होत 'कोर्ट' आलं. रशियन भाषेत शहराला 'गोरोद' म्हणतात आणि भाजीच्या वाफ्यांना 'ओगोरोद'. स्टालिनग्राड, लेनिनग्राड ही नावं तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली असतील. त्यातलं ग्राड हेच. तटबंदीच्या आतलं शहर. बघा, एकाच शब्दाची लेकरं कुठे शहर झाली, कुठे बाग, कुठे बाजार, कुठे न्यायालय. आणि आपल्याकडे झालं घर.

इथे एक सावधगिरी सांगते. आगगाडीचा गार्ड किंवा बँकेच्या दारातला गार्ड या भावकीतला नाही. ऐकायला गार्डनसारखा वाटतो, पण त्याचं मूळ राखण करणे, पहारा देणे या अर्थाच्या वेगळ्या शब्दात आहे. आडनाव सारखं म्हणून सोयरीक नसते, तसं शब्दांचंही. नुसत्या आवाजावर नातं लावायला गेलं की फसगत होते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, घेरलेल्या जागेला आपला खास शब्द वाडा आणि वाडी, त्याचं काय? तो या कुळातला नाही, पण शेजारी आहे. संस्कृतात 'वाट' आणि 'वाटिका' असे शब्द आहेत, अर्थ पुन्हा तोच, कुंपण घातलेली जागा, बाग. त्यावरून वाडा आणि वाडी. आपल्या रेल्वे लाईनवरचीच नावं घ्या, इकडे पारेवाडी, तिकडे कुर्डुवाडी. पुण्यात १७३२ साली बांधून झालेला पेशव्यांचा शनिवारवाडाही वाडाच. धनगर बांधव मेंढरं घेऊन आपल्या शेतात उतरतात, तोही वाडाच. गुरं कोंडायचा तो कोंडवाडा. महालापासून मेंढरांपर्यंत एकच शब्द, कारण त्याला ऐश्वर्याशी देणंघेणं नाही. त्याला आत आणि बाहेर एवढंच कळतं.

आत आणि बाहेर. कुंपणाचा खरा विषय इथे आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांची एक कथा आहे. त्यांच्या मते माणसांची दुनिया म्हणजे 'मिडगार्ड', मधलं आवार. देवांनी इमिर नावाच्या राक्षसाच्या भुवयांचं कुंपण करून ते बनवलं आणि दैत्यांना बाहेर ठेवलं. कथा म्हणून गंमत वाटते. पण जे कुंपण आतल्याला सांभाळतं, तेच बाहेरच्याला बाहेर ठेवतं. आपल्या गावांनीही हे केलं. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे जातीने ठरवलं. महारवाडा, मांगवाडा अशी नावं वस्त्यांना चिकटवली आणि तिथल्या पोराला शाळेत पत्ता सांगताना मान खाली घालायला लावली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अशी जातीवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची ठरली. नाव बदललं म्हणजे मन बदललं असं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कागदावर काय लिहिलंय याला किंमत असते, हेही ठाऊक आहे. पुढे मी याच मुद्द्यावर येणार आहे.

वाडी शब्दाची मात्र एक फार चांगली गोष्ट आहे आणि ती जर्मन 'गार्टन'शी जोडलेली आहे. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने लहान मुलांसाठी खेळत शिकायची शाळा काढली आणि १८४० साली तिला नाव दिलं किंडरगार्टन. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. रोपांना माळी जपतो तसं मुलांना जपायचं, हा त्याचा विचार. आपल्या भाषेत याच अर्थाचा शब्द रुळला तो 'बालवाडी'. मुलांची वाडी. गार्टनच्या जागी आपण वाडी ठेवली आणि शब्द एकदम घरचा वाटायला लागला.

पण आपल्या बायांनी त्यात आणखी भर घातली. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. १९५७ पासून त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर सुरू झालं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. कुणी शेरडं राखत होतं, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेलं. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, मुलांच्या अंगणात. अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा देशभर हाच शब्द गेला. आज आपल्या अंगणवाडी ताई तांदूळ मोजतात, बाळाचं वजन करतात, त्या शब्दाच्या पाठीमागे दोन बायांनी मोडलेलं एक कुंपण आहे. मुलं आत येत नाहीत म्हटल्यावर त्या स्वतः बाहेर गेल्या.

आता परत आपल्या घराकडे येऊ. घर हा शब्द मराठीत आणखी कुठे कुठे लपला आहे ते ऐका. देवगृह, त्याचं झालं देव्हारा. भूमिगृह, त्याचं झालं भुयार. आणि आता नीट ऐका. मातृगृह, आईचं घर, त्याचं झालं माहेर. श्वशुरगृह, सासऱ्याचं घर, त्याचं झालं सासर. माहेरातही घर आहे आणि सासरातही घर आहे. फक्त ते बोलून बोलून इतकं झिजलं की शेवटी नुसता र उरला.

एका गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "अगं, शब्दातच कशाला, खऱ्यातही तसंच झालंय की! दोन-दोन घरं हायेत म्हणायची, आन् एकाचाबी कागुद नाय." सगळ्या हसल्या. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. कारण हे खरं होतं. माहेर आईचं म्हणायचं, पण आईच्या नावावर ते नसतंच, आणि पुढे ते भावाचं होतं. सासर तर नावातच सासऱ्याचं. बाई मधल्या मध्ये शेण सारवते, भिंती लिंपते, पहाटे उठून झाडलोट करते, परसात कोथिंबीर आणि मेथी लावते, पण कुंपण ज्या कागदावर आहे त्या कागदावर तिचं नाव नाही.

यावर व्याकरण काय म्हणतं बघा. ज्याच्याकडे धन आहे तो धनी. ज्याच्याकडे गुण आहेत तो गुणी. ज्याला रोग आहे तो रोगी. तसं, ज्याच्याकडे गृह आहे तो गृही, आणि बाई असेल तर गृहिणी. गृहिणी या शब्दाचा सरळ अर्थ आहे, जिच्याकडे घर आहे ती. घरात राबणारी असा त्याचा अर्थ नाही. फॉर्मवर धंदा या रकान्यात आपण कितीदा "काही नाही, गृहिणी" असं लिहितो. तेव्हा आपण खरं तर लिहीत असतो, घराची मालकीण. शब्दाने हजारो वर्षांपूर्वी दिलेलं आहे. कागदाने अजून द्यायचं आहे.

म्हणून आता थोडं कागदाचं बोलते. पेन असेल तर लिहून घ्या.

गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीत असते, कर आकारणीच्या वहीत. तिला नमुना ८ म्हणतात. शेतजमिनीचा सातबारा आणि खातं दाखवणारा आठ-अ हे वेगळे, ते तलाठ्याकडचे. नमुना ८ आणि आठ-अ यात पुष्कळ जणींचा घोटाळा होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. २००३ साली राज्याच्या ग्रामविकास विभागाने निर्णय काढला की ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने करावी. 'घर दोघांचे' म्हणून तो ओळखला जातो. त्यालाही आता वीस वर्षं उलटून गेली. कित्येक गावांनी ग्रामसभेत ठराव करून सगळ्या घरांवर बायांची नावं लावली. कित्येक गावांत अजून निम्म्या वह्या एकाच नावाच्या आहेत. आपलं गाव कुठल्या यादीत आहे, हे आपल्यालाच बघायला हवं.

एक खुलासा करायला हवा. नमुना ८ हा मुळात कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव आलं म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा झाला असं नाही. पण नाव असलं की तुम्हाला वगळून परस्पर काही करणं अवघड होतं, आणि घरपट्टीची पावती तुमच्या नावाने निघते. मालकीसाठी मिळकत पत्रिका महत्त्वाची. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि भूमी अभिलेख खात्याकडून घराची सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावात हे काम चालू असेल तर त्या वेळी जागेवर राहा, चौकशीच्या वेळी नाव सांगा. एकदा कागद छापून आल्यावर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात तर घर बाईच्या किंवा दोघांच्या नावाने मंजूर करण्याची तरतूदच आहे. घरकुल आलं असेल तर मंजुरीच्या पत्रावर कुणाचं नाव आहे ते वाचून घ्या.

माहेरचंही बोलू. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. तो बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचा सारखा वाटा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. वडील २००५ मध्ये हयात असले-नसले तरी हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. मुस्लिम भगिनींना त्यांच्या कायद्याप्रमाणे ठरलेला हिस्सा आहे. भावाशी वाकडं घ्या असं मी म्हणत नाही. साडी-चोळीचं नातं मलाही हवं असतं. पण हक्कसोड पत्रावर सही करताना आपण काय सोडतोय हे वाचून, समजून मग सही करा. भावाला प्रेमाने दिलं तर ते देणं. न वाचता अंगठा उठवला तर ते देणं नव्हे.

आपल्या केमला कुंकवाचं गाव म्हणतात. इथलं कुंकू पंढरपूरला जातं, तुळजापूरला जातं. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायची रूढी आपल्याकडे होती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ही रूढी बंद करायचा ठराव केला. त्या चळवळीमागे आपल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांचा पुढाकार होता, ही आपल्या तालुक्याला अभिमानाची गोष्ट. पण मैत्रिणींनो, कपाळावरचं कुंकू राहिलं आणि डोक्यावरचं छप्पर गेलं, तर काय उपयोग? नवरा गेल्यावर तेराव्याच्या आतच दीर-पुतणे घराची भाषा करू लागतात, हे आपण पाहिलेलं आहे. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा, दोघं हयात आहेत, बोलणं गोडीत आहे, तेव्हाच नाव लावून घेणं शहाणपणाचं. कुंपणच शेत खाऊ लागलं तर कुणाला सांगायचं, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

घरात हा विषय कसा काढायचा, तेही सांगते. भांडण म्हणून काढू नका. जेवणं झाल्यावर, निवांत वेळी, घरपट्टीची पावती हातात घ्या आणि म्हणा, "यावर माझंही नाव लावू या, गटाच्या कर्जालाही बरं पडेल." घरातल्या मोठ्या माणसांना भीती असते की सून घर घेऊन जाईल. त्यांना सांगा, नाव लावलं म्हणजे तुमचं पुसलं जात नाही, दोघांची नावं राहतात. सासूबाईंना बरोबर घेता आलं तर फार चांगलं. कारण त्यांचंही नाव त्यांच्या वेळी कुणी लावलेलं नाही, आणि ही सल त्यांच्या मनात असते. विचारून बघा.

आणि हे काम एकटीने करू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा आणायचा. हप्ते गोळा झाले की सगळ्यांचे उतारे मधे ठेवायचे आणि वाचायचे. जिचं नाव आहे तिने कसं लावलं ते सांगायचं. जिचं नाही तिचा अर्ज तिथेच लिहायचा, नवऱ्याची संमतीची सही घरून आणायची. दहा अर्ज एकत्र गेले की ग्रामपंचायतीलाही ते बाजूला ठेवता येत नाहीत. ग्रामसभेत हा विषय आधी कळवून मांडा, म्हणजे ठरावात येईल. महिला ग्रामसभा असते ती याच कामासाठी असते, हळदीकुंकवापुरती नाही.

मैत्रिणींनो, गृह म्हणा, गर्द म्हणा, यार्ड म्हणा, वाडी म्हणा, सगळ्या शब्दांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कुणीतरी काट्या तोडल्या, जागा घेरली आणि म्हटलं, इथे आपण राहायचं. त्या काट्या ओढताना बाईच्या हाताला रक्त आलं नसेल असं मला वाटत नाही. मग नाव तरी दोघांचं असायला काय हरकत आहे?

या आठवड्यात उतारा काढा. नाव आहे की नाही ते बघा. पुढच्या भागात परसबागेबद्दल बोलू, म्हणजे याच कुंपणाच्या आतल्या भाजीबद्दल. तोवर निरोप घेते. सगळ्या गृहिणींना नमस्कार.